सरासरी सहा मिनिटं

मंगळवारी चित्रसंग्रहालय बंद असतं, आणि भिंतींना भोकं पाडायची ती बंदच्या दिवशीच. त्या मंगळवारी सुतारानं तीन नंबरच्या दालनात चार स्क्रू मारून एक मोठा फलक चढवला, पाणसळ धरून पाहिली, "सरळ आहे ना हो बाई?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता शिडी खांद्यावर टाकून पुढच्या दालनात गेला.

फलक सरळच होता. तिनं तो वाचायला घेतला.

ती म्हणजे त्या दालनाची राखणदारीण. एकतीस वर्षं ह्याच खोलीत, खिडकीजवळच्या कोपऱ्यात, करड्या गणवेशात उभी. चित्रांना कुणी हात लावू नये, मोठ्यानं बोलू नये, एवढंच तिचं काम. नाव विचारायची गरज कुणाला पडली नाही. संग्रहालयात सगळे तिला 'तीन नंबर' म्हणत. निवृत्तीला आठ महिने उरले होते, आणि ते गुडघ्यांवर मलम चोळत निमूटपणे काढायचे असं तिनं ठरवलं होतं.

संग्रहालयाला शंभर वर्षं होत होती. त्यानिमित्त ह्या वेळी चित्रांचं नव्हे, बघणाऱ्यांचं प्रदर्शन लागणार होतं. शंभर वर्षांत कोण आलं, काय घालून आलं, किती वेळ थांबलं, काय म्हणून गेलं. तिला कल्पना फार आवडली होती. सहा महिने एक तरुण अभ्यासक तळघरात बसून दारावरच्या जुन्या वह्या चाळत होती, आणि तिच्यासाठी चहाचा कप खाली नेऊन द्यायला ही रोज आपणहून जात होती.

फलकावर लिहिलं होतं: "सुरुवातीच्या दशकांत संग्रहालय सर्वांना खुले असूनही कष्टकरी वर्गात कलेविषयी आस्था निर्माण झाली नव्हती. दारावरच्या नोंदींनुसार शेजारच्या धुलाईघरातील स्त्रिया दालनात सरासरी सहा मिनिटे थांबत. कला पाहण्याची सवय ही पुढील पिढ्यांची कमाई आहे."

तिनं पुन्हा वाचलं. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, तसं तिला खरोखरच पायांपासून गरम होत वर आल्यासारखं वाटलं. सहा मिनिटं. तिची आई त्या धुलाईघरात इस्त्रीवर होती.

ती सहा मिनिटं घरात तिनं लहानपणापासून ऐकली होती. संग्रहालयाच्या मागच्या गल्लीत तिच्या वडिलांचं जोडेदुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याच्या समोर धुलाईघर. हॉटेलांच्या चादरी, इस्पितळांचे अभ्रे, साहेबांचे मेजपोस सगळं तिथे धुतलं जाई. ओल्या फरशीवर बायका लाकडी तळाचे जोडे घालून उभ्या असत. आणि संग्रहालयाचा नियम होता: लाकडी तळ चालणार नाही, रबरी चपला चालणार नाहीत, अनवाणी तर नाहीच, फरशी खराब होते. पायांत बंद कातडी जोडे असले तर आत या. दार सर्वांना खुलं होतं, फक्त सर्वांच्या पायांत तसले जोडे नव्हते.

तिच्या वडिलांकडे मात्र फळीवर जोडेच जोडे होते, दुरुस्त होऊन मालकांची वाट बघत बसलेले. त्यांत एका न्यायाधीशांच्या बायकोचा तपकिरी जोड होता. बाई विसरभोळ्या, जोड टाकून जात आणि महिनोन्महिने न्यायला येत नसत. जेवणाच्या सुट्टीत चाळीस मिनिटं मिळत. इस्त्रीवरच्या पाचजणी घास कोंबून गल्लीत येत. एक जण त्या जोडात चिंध्या कोंबून आत जाई. सहा मिनिटं आत, दोन मिनिटं जोडे उतरवायला नि दुसरीनं चढवायला. पाच अठ्ठे चाळीस. एका दिवशी एकच चित्र बघायचं आणि पाचही जणींनी तेच बघायचं, असा त्यांचा करार होता. मग उरलेली दुपार इस्त्री फिरवता फिरवता त्या चित्रावर भांडण. तिचे वडील म्हणत, "त्या जोडानं जेवढी चित्रं बघितली, तेवढी त्याच्या मालकिणीनं सात जन्मांत बघितली नसतील."

वडील स्वतः कधी आत गेले नाहीत. दुकानात कुणीतरी थांबायला हवं होतं. न्यायाधीशीणबाई अवचित उगवल्या तर काहीतरी थाप मारायला. पण परत येणारी प्रत्येक जण त्यांना काय बघितलं ते सांगे. त्यांतली एक इतकं रंगवून सांगायची की वर्षाच्या आत त्यांनी तिच्याशी लग्न केलं.

तीन नंबरनं हातातलं फडकं खिडकीत ठेवलं आणि तळघरात उतरली.

अभ्यासक टेबलावर झुकून चिठ्ठ्यांवर क्रमांक घालत होती. "या मावशी! लागला का फलक?"

"लागला. काढायला लावा."

"का? चुकून उलटा लावला?"

"लिहिलंय ते खोटं आहे."

अभ्यासकाचं हसू जागच्या जागी थांबलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. मध्ये एकदाही घड्याळ बघितलं नाही. पण शेवटी अगदी हळू आवाजात म्हणाली, "मावशी, ही आठवण फार सुंदर आहे. पण आठवण म्हणजे पुरावा नाही ना. वहीत सहा मिनिटं आहेत. मी स्वतः सरासरी काढलीये, दोनदा तपासून."

"सुंदर नाहीये ती," तीन नंबर म्हणाली. "आई त्या जोडात पाय सोलवटून घ्यायची. वही दाखवा."

"कुठली?"

"जिच्यातनं सरासरी काढलीत ती."

वही जाडजूड होती, कडा उंदरांनी खाल्लेल्या. धंदा, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ. नावं नाहीत. तिनं चष्मा चढवला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत निघाली. वकील, शिक्षक, वकील, व्यापारी सहकुटुंब. मग: इस्त्रीवाली, एक वाजून दोन ते एक वाजून आठ. इस्त्रीवाली, एक दहा ते एक सोळा. इस्त्रीवाली, एक अठरा ते एक चोवीस.

"वाचा," ती म्हणाली.

"वाचलंय मी हे."

"बेरीज केलीत. वाचलं नाहीत. दोघी एका वेळी आत असलेल्या दाखवा मला. एक तरी दिवस दाखवा."

अभ्यासकानं पान उलटलं. पुढचं उलटलं. मग खुर्ची ओढून बसली आणि भराभरा उलटत गेली. अकरा महिन्यांच्या नोंदींत, आठवड्यातून दोनदा, पाच इस्त्रीवाल्या एकामागून एक, मध्ये दोन मिनिटं सोडून. कधीच दोघी एकत्र नाहीत. एका ठिकाणी दारवानानं समासात बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: 'तपकिरी, आज पाचव्यांदा.'

"त्याला माहीत होतं," अभ्यासक म्हणाली.

"सगळ्यांना माहीत होतं. तुम्हालाच नव्हतं."

मग दोघी मिळून संचालकांकडे गेल्या. संचालक सभ्य माणूस होते, आवाज कधी न चढवणारे. सभ्य माणसांचा हाच तर त्रास असतो. भांडायला धरायची जागाच सापडत नाही. त्यांनी वही पाहिली, समासातलं वाक्य पाहिलं, "वा! फारच रोचक," म्हणाले. "पण उद्घाटन परवा आहे. पुस्तिका छापून आली आहे. आणि खरं सांगू का, फलकातलं एकही विधान चुकीचं नाही. सहा मिनिटं हा आकडा खरा आहे ना?"

"आकडा खरा आहे," अभ्यासक चाचरत म्हणाली, "पण त्याचा अर्थ..."

"अर्थ पुढच्या संशोधनात येईल. तुमचा करार वाढवायचं माझ्या डोक्यात आहेच." मग तीन नंबरकडे वळून हसले. "तुमच्या भावना समजतात हं, बाई. आपल्या कर्मचाऱ्यांचं संस्थेशी असं कौटुंबिक नातं असणं, ही केवढी अभिमानाची गोष्ट आहे!"

अभ्यासक खाली बघत राहिली. तीन नंबर बाहेर आली ती दार न लावताच.

घरी वडील खिडकीशी बसले होते. वय सत्त्याऐंशी, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिनं चप्पल काढायच्या आधीच सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं ते भडकतील, शिव्या घालतील, मग दोघं मिळून चिडतील आणि जरा बरं वाटेल.

त्यांनी मान खिडकीकडून तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, "आणि तू कुठं होतीस?"

"म्हणजे?"

"एकतीस वर्षं तिथंच उभी आहेस ना? जोडे न्यायला बाई आल्या त्या दिवशी तुझी आई लाकडी तळाच्या जोड्यांत तशीच गेली. रांगेतल्या सगळ्यांदेखत तिला दारातनं मागं फिरवली. नियम उठला तरी मी त्या पायऱ्या चढलो नाही. आणि माझी पोरगी त्यांचाच गणवेश घालून आली. तेव्हा मी महिनाभर तुझ्याशी बोललो नव्हतो, आठवतंय? तू म्हणालीस, बाबा, आता दिवस बदलले."

"बदललेच होते."

"मग मला सांग, फाटक्या बुटांचा कुणी आला की तुला काय सांगून ठेवलेलं असतं?"

तिनं वाकून चप्पल काढली. सांगून ठेवलेलं असायचं, 'जरा लक्ष ठेवा'. तोंडी, कधीच लेखी नाही. आणि ती ठेवायची. मळक्या डगल्यातला माणूस आला की तिची पावलं आपोआप त्याच्या मागं जायची, चार हात अंतर राखून. तो मान वळवून बघायचा, तिला बघायचा, पुढचं चित्र घाईघाईनं उरकायचा आणि निघून जायचा. किती मिनिटांत, ते तिनं मोजलं नव्हतं. कुणीतरी मोजलं असेल.

त्या रात्री तिला राग कुणाचा येतोय हेच तिला कळेना. संचालकांचा होताच. त्या पोरीचा होता. पण मोठा वाटा तिचा स्वतःचा निघाला, आणि तो कुणावर काढताही येत नव्हता.

गुरुवारी उद्घाटन झालं. पाचच्या सुमारास शंभरेक माणसं तीन नंबरच्या दालनात दाटीवाटीनं उभी राहिली. सगळ्यांच्या जोड्यांना लखलखीत पॉलिश. अभ्यासक भिंतीला पाठ लावून उभी. प्रमुख पाहुणे आले. कुठल्याशा मोठ्या मंडळाचे अध्यक्ष, आवाज भरदार. संचालकांनी त्यांना दालनातल्या सगळ्यात प्रसिद्ध चित्रासमोर नेलं: जेवण उरकलेलं मेज, चुरगळलेला पांढरा मेजपोस, एक खुर्ची मागं कलंडलेली. पाहुणे "अप्रतिम" म्हणाले आणि फलकाकडे वळले. तो त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवला.

"सहा मिनिटं!" ते हसत म्हणाले. "बघा मंडळी, कुठून कुठं आलो आपण! रसिकता काही आपोआप येत नाही, ती पिढ्यानपिढ्या मुरावी लागते."

लोक हसले. हसणं गोड होतं, कुणालाही न लागणारं.

"तुम्ही किती थांबलात?"

आवाज खिडकीकडून आला. आधी कुणाला कळलंच नाही, कारण राखणदारीण बोलते हे कुणी कधी ऐकलं नव्हतं. मग माना वळल्या.

"मला विचारताय?" पाहुणे म्हणाले.

"हो. त्या मेजाच्या चित्रासमोर. मी बघत होते. माझं कामच आहे बघायचं. अकरा सेकंद थांबलात. त्यातले चार फोटोसाठी."

संचालक पुढं झाले. "बाई, आत्ता नको."

"आत्ताच. नंतर सगळे चहाला जातात." तिनं हात पाठीमागं बांधले. "सहा मिनिटं थांबणाऱ्यांत माझी आई होती. पाच बायका, एक जोड. तोही दुसरीचा. जोड्यांशिवाय तुम्ही आत घेत नव्हता. नियमांच्या जुन्या पाटीवर आहे, तळघरात पडलीये ती, कुणीही जाऊन बघा. एक बाहेर आली की दुसरी आत. जेवायच्या सुट्टीत. ह्या एका चित्रासाठी त्या पाचही जणी सहा वेळा आल्या, कारण खुर्ची कुणी पाडली ह्यावर त्यांचं एकमत होईना. आई सांगायची, घरच्या बाईनं पाडली. कारण मेजपोस तिच्या बाजूनं ओढला गेलाय आणि घडीची रेघ तिथंच मोडलीये. चादरीची घडी कशी मोडते ते तिला कळायचं, आयुष्यभर तेच करत होती ती. इथं एकतीस वर्षांत मोठमोठे जाणकार आले. घडीची रेघ एकानंही पाहिली नाही. आणि तिला म्हणे आस्था नव्हती!"

काही जण चोरून चित्राकडे बघत होते. घडीची रेघ शोधत असावेत.

"हे भावनिक आहे," संचालक पाहुण्यांना म्हणाले. "ह्याला कागदोपत्री आधार..."

"आहे," अभ्यासक म्हणाली. तिचा आवाज फुटका आला, म्हणून तिनं पुन्हा सांगितलं. "आधार आहे. वहीतच आहे. चूक माझी आहे. ते वाक्य मी लिहिलंय आणि ते चूक आहे."

पाहुण्यांनी घसा साफ केला आणि चहा कुठे आहे असं विचारलं.

सोमवारी तीन नंबरच्या हातात पत्र पडलं. प्रेक्षकांशी अनावश्यक संभाषण केल्याबद्दल खुलासा मागितला होता, तीन दिवसांत. तिनं एका ओळीत दिला: संभाषण आवश्यक होतं. त्यावर तिची बदली तळमजल्यावर, छत्र्या-पिशव्या ठेवायच्या खिडकीत झाली. अभ्यासकाचा करार वाढला नाही.

फलकाचं मात्र काहीतरी करणं भाग होतं, कारण दोन वृत्तपत्रांत चार ओळी आल्या होत्या. पुढच्या मंगळवारी सुतार पुन्हा शिडी घेऊन गेला. तिनं दुपारी वर जाऊन पाहिलं. फलक तिथंच होता. 'आस्था निर्माण झाली नव्हती'च्या जागी आता 'पुरेशी आस्था निर्माण झाली नव्हती' असं होतं. एक शब्द, वरून चिकटवलेला, रंग जुळवून.

ती जिन्यावर बसली आणि अशी हसत सुटली की सुताराला वाटलं, बाईंना काही झालं की काय. हसणं थांबलं तेव्हा घसा दुखत होता. नखानं तो शब्द खरवडून काढावा असं एकदा मनात आलं. पण खालचं वाक्य तरी कुठं बरं होतं!

वडिलांना तिनं हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पुरेशी?" मग काठी मागितली. "उद्या मला घेऊन चल."

"बाबा, तुम्ही तर त्या पायऱ्या..."

"चढणार नाही म्हणालो होतो. तुझ्या आईसाठी म्हणालो होतो. आता तिच्यासाठीच चढतो. तू मधे बोलू नकोस."

पायऱ्या चढायला त्यांना पाव तास लागला. तिची खिडकीची पाळी होती, म्हणून अभ्यासक त्यांच्याबरोबर गेली. ती त्या दिवशी आपली खोकी न्यायला आली होती. म्हातारा थेट तीन नंबरमध्ये गेला, फलकाकडे पाठ करून अभ्यासकानं आणून दिलेल्या खुर्चीवर बसला आणि मेजाच्या चित्राकडे बघत राहिला. जेवणाची वेळ झाली, उठला नाही. तिच्या जागी नेमलेला नवा राखणदार दोनदा जवळून फिरून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हाताऱ्यानं काठी आडवी धरली. "चार हात लांब थांब," तो म्हणाला. "मी काही खिशात घालून नेत नाही."

बंद व्हायची घंटा झाली तेव्हा तो खाली आला, डोळे लाल, नाक ओढत.

"कसं वाटलं?" तिनं विचारलं.

"लहान आहे," तो रागानं म्हणाला. "तुझी आई हात पसरून एवढं मोठं दाखवायची. आणि तो मेजपोस निळसर आहे, पांढरा नाही. हे तिनं कधी सांगितलं नाही. साठ वर्षं मी पांढरा धरून बसलोय."

"निळीचा हात जास्त झाला असेल," ती म्हणाली.

"तेच म्हणतोय! ते तिला दिसलं नसेल होय? दिसलं असणार. सांगितलं नाही, एवढंच." आणि घरी जाईपर्यंत तो मेलेल्या बायकोशी भांडत राहिला.

अभ्यासक आता दर मंगळवारी तिच्या घरी येते. तळघरातल्या वह्यांच्या नकला तिनं काढून ठेवल्या होत्या. कशा, ते विचारू नये. दोघी मेजावर पानं पसरून बसतात. गवंड्यांचा एक गट सापडलाय, तोही असाच एकामागून एक, प्रत्येकी नऊ मिनिटं. त्यांच्याजवळ काय एकच होतं, जोडा की डगला, ते अजून कळलेलं नाही. पोरीनं लेख लिहिला, एका लहानशा नियतकालिकात छापून आला. संग्रहालयानं त्याची दखल घेतली नाही.

प्रदर्शन संपलं त्या आठवड्यात प्रत्येक कर्मचाऱ्याला शताब्दीची पुस्तिका भेट मिळाली, गुळगुळीत कागदाची, संचालकांच्या सहीची. शिपाई यादी घेऊन तिच्या खिडकीपाशी आला. पुस्तिका तिच्यापुढं ठेवली आणि पोच म्हणून सही करायला पेन पुढं केलं. तिनं बेचाळिसावं पान काढलं. सहा मिनिटं तिथं तशीच होती; पुस्तिकेत तर 'पुरेशी'सुद्धा नव्हतं. तिनं ती मिटून यादीसकट परत सरकवली.

"अहो, घ्या ना. सगळ्यांनी घेतली," शिपाई म्हणाला. "मी वर काय सांगू? मिळाली नाही म्हणून लिहू?"

"मिळाली," ती म्हणाली. "घेतली नाही, असं लिहा."

तो जरा घुटमळला. मग त्यानं खिडकीच्या फळीवर यादी ठेवली आणि तसंच लिहिलं.